शिमेकचा हिरवा नरक

येरोनिम शिमेकने एकवीस नरक रंगवले आणि त्यांतला एकही पेटलेला पाहिला नाही. ते एकवीसच्या एकवीस नेऊन टांगायचं काम माझं होतं. त्यामुळे त्याच्याबद्दल काही लिहायचं तर ते मीच लिहायला हवं. आमच्या स्टुडिओच्या जाहिरातीच्या पुस्तकात मालकाचा फोटो होता, इमारतीचा होता, मालकाच्या कुत्र्याचासुद्धा होता. रंगाऱ्यांचा एकही नव्हता.

मी अलॉन्झो पर्डी, दोरवाला. मिस्टर ऑस्ट्रँडर यांच्या शिकागोतल्या स्टुडिओत मेसन लॉजांच्या, म्हणजे फ्रीमेसन नावाच्या गुप्त मंडळाच्या शाखांच्या, रंगमंचांसाठी पडदे रंगवले जायचे. त्या काळी गावोगाव लॉजची इमारत उठत होती आणि प्रत्येक इमारतीत एक नाटकघर असायचं. दीक्षा घेणाऱ्याला खुर्चीत बसवायचं आणि त्याच्यासमोर एकामागून एक देखावे सोडायचे. सॉलोमनचं मंदिर, इराणचा राजवाडा, वाळवंटातली छावणी, थडग्यांचं तळघर आणि नरक. नरक नको म्हणणारं लॉज मला तरी भेटलं नाही. पडदे तयार झाले की गुंडाळून मालगाडीत घालायचे आणि त्यांच्यामागून मी जायचो. टांगायचो, वजनं जुळवायचो आणि पहिला सोहळा पार पडेपर्यंत बाजूला दोरापाशी उभा राहायचो. सोहळ्याला बाहेरच्या माणसाला दाराच्या आत पाऊल टाकता येत नाही, म्हणून मालकाने मला सभासद करून घेतलं होतं.

शिमेक कॅथलिक होता, त्यामुळे त्याचा तो प्रश्नच मिटला. पोपने त्याच्या लोकांना लॉजची पायरी चढायला बंदी केली होती. मी एकदा त्याला म्हणालो, "अरे, होऊन टाक की सभासद. पोप काय शिकागोला येऊन हजेरी घेतोय?"

"पोपचं नंतर बघू," शिमेक म्हणाला. "आधी बोझेना. ती मला घरातच घेणार नाही."

बोझेना म्हणजे त्याची बायको. अठराव्या रस्त्यावरच्या बोहेमियन चर्चमध्ये वेदीवरची कापडं धुऊन इस्त्री करून द्यायचं काम तिच्याकडे होतं आणि त्या कामाचा तिला मालकाला नसेल एवढा ताठा होता. त्या चर्चच्या पाद्र्याने एकदा शिमेकला दारात अडवलं. म्हणाला, "येरोनिम, तू त्या मेसन लोकांसाठी चित्रं काढतोस म्हणे?" शिमेकने टोपी काढली आणि म्हणाला, "मी फक्त नरक काढतो, फादर. स्वर्ग दुसरा माणूस करतो."

आणि ते खरंच होतं. आमच्याकडे एक पडदा एका माणसाचा कधीच नसायचा. खांब आणि कमानी एकाच्या, झाडं दुसऱ्याची, वस्त्रं आणि झालरी तिसऱ्याच्या. आभाळ लुंडक्विस्ट नावाचा एक स्वीडिश म्हातारा करायचा आणि दुसऱ्या कुणी निळ्या रंगाच्या डब्याला हात लावला तर अंगावर यायचा. शिमेककडे आग होती. मशाली, यज्ञकुंडं, जळणारी शहरं आणि अर्थातच नरक.

तो बोहेमियातल्या पिल्सेनजवळच्या खेड्यातून नऊ वर्षांचा असताना इथे आला. बाप घरं रंगवायचा. पोरगा पंधराव्या वर्षी हॉलस्टेड रस्त्यावरच्या एका नाटकघरात रंग कालवायला लागला. तेव्हा तिथे गॅसचे दिवे होते. आग कशी रंगवायची हे तो त्या दिव्यांखाली शिकला. फिकट पिवळ्या जमिनीवर भगवा, भगव्यावर लाल, आणि टोकाला आणखी गडद लाल. गॅसच्या पिवळसर उजेडात ती आग अशी लवलवायची की पुढच्या रांगेतल्या बाया पदर सावरून बसायच्या, असं तो सांगायचा. शिकागोत पदर नसतात हे मला ठाऊक आहे, पण त्याने हाताने जे करून दाखवलं त्याला मला दुसरा शब्द सापडत नाही.

आमच्या रंगात तेल नसतं. रंगाची भुकटी आणि गरम सरस, बस्स. ओला असताना रंग गडद दिसतो आणि वाळला की दोन-तीन छटा उतरतो. म्हणजे रंगाऱ्याला समोर एक दिसत असतं आणि तो रंगवत असतो दुसरंच. नवशिके तपकिरी कागदावर ठिपका देऊन तो शेगडीपाशी वाळवून बघतात. शिमेकला शेगडी लागत नसे. बादलीतला चिखलासारखा रंग बघून तो सांगायचा, "वाळला की पिकलेल्या जर्दाळूसारखा होईल," आणि तो तसाच व्हायचा. डोळ्यापुढे नसलेलं बघायची त्याला सवयच होती. पण एक गोष्ट त्याला बघता येत नव्हती, ती म्हणजे लॉजमधल्या दिव्यांखालचा आपला पडदा. रंगारी स्टुडिओ सोडून जात नसत. त्यांचं भाडं कोण भरणार आणि पडदे ताणायच्या चौकटीपाशी काम कोण करणार, असं मालकाचं म्हणणं होतं.

त्याचा पहिला नरक १९१२ साली कॅन्ससमधल्या एका लॉजला गेला. त्याच सोहळ्यात माझी दीक्षा होती, म्हणून मला दोरावरून काढून समोर खुर्चीत बसवलं होतं. लॉजमध्ये विजेचे नवे दिवे होते. पांढऱ्या दिव्यांची एक ओळ, निळ्यांची एक, तांबड्यांची एक. नरकाची वेळ आली तेव्हा पांढरे विझले, तांबडे लागले आणि शिमेकची आग गेली. अक्षरशः गेली. तांबड्या उजेडात पिवळं, भगवं, लाल सगळं एकच होऊन बसलं. समोर नुसती गुलाबी चादर टांगलेली. कुणीतरी खोकलं. दिवेवाल्याने घाबरून पांढरे दिवे अर्धे चढवले, तेव्हा कुठे ज्वाळा दिसल्या, पण त्याही पाव भाजायच्या भट्टीएवढ्याच भयंकर.

मी परत आलो तेव्हा शिमेक माझी वाट बघत होता. बोझेनाने केलेले खसखशीचे कोलाचे, म्हणजे त्यांच्याकडचे गोड पाव, त्याने फडक्यात बांधून माझ्यासाठी आणले होते.

"कसं दिसलं?" तो म्हणाला. "तांबडा लागला तेव्हा? डावीकडची मोठी ज्वाळा, तिचं टोक? ते जरा जास्त झालं का?"

"छान दिसलं," मी म्हणालो.

"छान म्हणजे कसं?"

"छान म्हणजे छान. आतलं सांगता येत नाही, शपथ आहे."

शपथेत रंगाबद्दल चकार शब्द नाही. मला लांबण लावायचा कंटाळा होता, दोन दिवस गाडीत बसून पाठ धरली होती, आणि तोंडात त्याच्याच घरचा गोड पाव होता. एवढ्यावर मी ते बोललो. पुढच्या वेळी मी पुन्हा दोरापाशी होतो, आणि दोरापासून पडद्याची फक्त कड दिसते. मी समोर जाऊन बघितलंच नाही. परत आल्यावर त्याने विचारलं, मी छान म्हणालो. असे नऊ वर्षांत चौदा नरक गेले. चौदा वेळा त्याने विचारलं आणि चौदा वेळा मी तेच सांगितलं. हळूहळू तो डावीकडच्या ज्वाळेचं टोक आणखी लाल करत गेला, कारण ते छान दिसत होतं ना!

१९२१ च्या मार्चमध्ये आयोवातल्या पोर्टर फॉल्सच्या लॉजचं पत्र आलं. सत्तर पडद्यांची मागणी. तिथले सोहळे बसवणारा डॉक्टर क्रेल नावाचा दातांचा डॉक्टर होता. त्याने लिहिलं होतं की नदीच्या खालच्या अंगाच्या लॉजमध्ये तुमचा नरक पाहिला, तो बघून घाबरायचं की शेकायला बसायचं तेच कळेना. आमचा नरक दुसऱ्या माणसाकडून करून घ्या, नाहीतर सगळीच मागणी दुसरीकडे जाईल.

मालकाने शिमेकला आत बोलावलं. पाच मिनिटांनी मलाही.

शिमेक टेबलापुढे उभा होता, कोपरापर्यंत रंगलेला. तो रागावलेला नव्हता. उलट थोडा हसत होता, समोरच्याची गफलत झाली आहे आणि ती आता निस्तरेल अशा खात्रीने.

"साहेब, या पर्डीला विचारा," तो म्हणाला. "चौदाच्या चौदा वेळा हा तिथे होता. नऊ वर्षांत एक तक्रार नाही. सांग रे."

मालक माझ्याकडे बघायला लागले. "काय पर्डी? आग दिसते की नाही?"

खोटं बोलायचं तर सत्तर पडदे हातचे जात होते आणि खरं बोलायचं तर शिमेक. मी धाडसी माणूस नाही. मी खरं बोललो ते पत्र टेबलावर उघडं पडलं होतं म्हणून.

"नाही दिसत," मी म्हणालो. "तांबडा लागला की जाते."

"कुठल्या लॉजात?" शिमेकने विचारलं.

"पहिल्यात मी बघितलं."

"आणि बाकीच्या?"

"बाकीच्यांत मी समोर गेलोच नाही."

मला वाटलं शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो मालकाकडे वळून म्हणाला, "या नरकाचं कापड मला द्या. जमलं नाही तर मी खांब रंगवतो, नाहीतर घरी जातो. तुम्ही म्हणाल ते." मालकाच्या हाताशी दुसरा आगीचा माणूस नव्हता. ते बरं म्हणाले.

त्या दिवसापासून शिमेक माझ्याशी फक्त कामापुरता बोलायला लागला. दुपारच्या सुट्टीत पूर्वी आम्ही एकाच फळीवर बसायचो. आता तो लुंडक्विस्टपाशी बसायला लागला, आणि लुंडक्विस्ट जेवताना एक शब्द बोलत नाही हे त्याला माहीत होतं.

त्याने एक तांबडा दिवा विकत आणला आणि सरसाच्या पिंपांच्या कोठीत लावला. ती एकच खोली अशी होती की जिला खिडकी नव्हती. बाकी सगळा स्टुडिओ उत्तरेकडच्या काचांचा, तिथे चाळीस फुटी पडद्यापुढे अंधार करायची सोयच नाही. शिमेक हातभर फळकुटं रंगवायचा, कोठीत घेऊन जायचा, दार लावायचा आणि सरसाच्या वासाने डोळे पुसत बाहेर यायचा. आठवडाभर हेच. एकदा तो बाहेर आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "लेको, आग रंगवायचीच नाही!"

त्याला कळलं होतं ते असं. तांबड्या उजेडात लाल आणि पांढरं सारखंच दिसतं, पण हिरवं आणि निळं काळंठिक्कर पडतं. मग ज्वाळा रंगवायच्या कशाला? ज्वाळेच्या जागी कापड जवळजवळ कोरं ठेवायचं, जरासा पिवळा हात फिरवायचा, आणि ज्वाळांमधला अंधार रंगवायचा, गडद हिरव्याने. वयाच्या पन्नाशीला त्याने पस्तीस वर्षांचं आपलं सगळं शिकणं उलटं केलं आणि पडद्याला हात घातला.

दिवसाच्या उजेडात तो पडदा काय दिसायचा म्हणून सांगू! हिरवे दगड, हिरवा धूर, मधून पांढुरके पट्टे. खांबवाला चौकटीवरून खाली वाकून ओरडला, "शिमेक, नरकात पालक लावलास का?" मालक रोज येऊन बघायचे आणि न बोलता जायचे. एप्रिलच्या शेवटी डॉक्टर क्रेल स्वतः माल तपासायला आला. बारीक चणीचा, दात न दाखवता बोलणारा माणूस. मंदिर आवडलं, राजवाडा आवडला. मग चौकटीवर नरक चढवला.

"हा नरक आहे की कोबीचं शेत?" तो म्हणाला.

"कोबीच आहे," शिमेक म्हणाला. "तांबडा लागला की करपतो. या, दाखवतो."

त्याने डॉक्टरला सरसाच्या कोठीत नेलं आणि दार लावलं. डॉक्टर नाकाला रुमाल लावून बाहेर आला. म्हणाला, "फळकुटावर ठीक आहे. चाळीस फुटांवर काय होतं ते आमच्या रंगमंचावरच कळेल. पसंत पडला नाही तर तुमच्या खर्चाने परत."

शिमेकने तेवढ्यात मालकाला विचारलं, "मी जाऊ का बरोबर? फक्त या वेळी."

उत्तर डॉक्टरनेच दिलं. आमच्याकडे दिवे सोहळ्याच्या दिवशीच जोडून होतील, म्हणाला, आणि त्या दिवशी सभासदाखेरीज कुणीही आत येत नाही. तो उद्धटपणे बोलला नाही. नियम होता तो सांगितला. शिमेकने मान हलवली आणि पडदा गुंडाळायला आम्हाला मदत केली. गुंडाळी बांधताना पहिल्यांदाच दोन महिन्यांनी तो माझ्याशी कामाव्यतिरिक्त बोलला. "नीट बघ," म्हणाला, एवढंच.

पोर्टर फॉल्सला मी तीन आठवडे होतो. सोहळ्याच्या दिवशी मी आयुष्यात कधी न केलेली गोष्ट केली. वजनं दोनदा तपासली, तिथल्या एका सुताराच्या हातात दोर दिला, आणि पाठीमागच्या जिन्याने प्रेक्षागृहात जाऊन तिसऱ्या रांगेच्या टोकाला बसलो. एखादं वजन निसटलं असतं तर माझी नोकरी गेली असती आणि सुताराचं डोकं.

पांढरे विझले. अंधारात पडदा उतरल्याचा फक्त वारा आला. मग तांबडे लागले.

कोबी राहिला नाही. काळीकुट्ट गुहा आणि तिच्या तळापासून छतापर्यंत आग. ती पडद्यावर नव्हतीच, पडद्याच्या मागे दूरवर कुठेतरी पेटली होती आणि आमच्याकडे यायला बघत होती. शेजारी बसलेल्या एका जाडजूड बँकवाल्याने, ओळख ना पाळख, माझा दंड घट्ट धरला. सोडला नाही. मलाही त्याने सोडू नये असं वाटत होतं. सहाशे माणसांत कुणी खोकलं नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं हे मी इथे लिहून ठेवतो, कारण त्याची मला आता लाज वाटत नाही.

नंतर डॉक्टर क्रेलने मालकाला दोन ओळी लिहिल्या. माल मिळाला, समाधानकारक आहे, दोरांचं काम विशेष चांगलं. मालकांनी ते पत्र सगळ्यांना वाचून दाखवलं. नरकाबद्दल अक्षर नाही आणि दोर धरला होता सुताराने; मला तर तोंड लपवावंसं वाटलं.

पण मी परत आलो ते पत्राच्याही आधी, सकाळच्या गाडीने, आणि स्टेशनवरून तडक स्टुडिओत. शिमेक दुसऱ्या कुठल्या तरी लॉजच्या मशाली रंगवत होता. मी पेटी खाली ठेवली आणि त्याने विचारायच्या आत सुरू झालो. शपथ गेली खड्ड्यात. पडदा कसा उतरला, तांबडे कसे लागले, हिरव्याचं काय झालं, ज्वाळा कुठून उठल्या, सगळं. मी एका दमात एवढं कधी बोललो नव्हतो. बँकवाल्याचा हात सांगितला. माझं रडू सांगितलं.

शिमेकने सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही तोडलं नाही. त्याचा ब्रश वाळत चालला होता.

"तिसऱ्या रांगेत बँकवाला होता?" त्याने विचारलं.

"हो! त्याने माझा दंड..."

"आणि दोर?"

"दोर सुताराला दिला."

"तू?" शिमेक म्हणाला. "तू दोर सोडलास?"

"देवाशपथ सोडला."

स्टुडिओत सगळ्यांना माहीत होतं, आणि मीच इतकी वर्षं फुशारकी मारून सांगत आलो होतो, की पर्डी मरेल पण सोहळ्यात दोर दुसऱ्याच्या हातात देणार नाही.

"पर्डी," तो म्हणाला, रागाने नाही, आजारी माणसाला म्हणावं तसं. "एवढं कशाला रचायचं? तुला वाईट वाटलं, ते कळलं मला. झालं आता."

"अरे, खरं सांगतोय मी!"

"बरं," तो म्हणाला. "छान दिसलं तर. प्रवासातून आलायस, जा, जेवून घे."

मग त्याने ब्रश गरम पाण्यात बुडवला आणि मशालीकडे वळला. मी बोझेनाकडेही गेलो. तिने कॉफी दिली, सगळं ऐकलं आणि म्हणाली, "तुम्ही चांगले आहात हो पर्डी. पण त्यांना आता पुन्हा फसवू नका."

मंदीत स्टुडिओचं दिवाळं निघेपर्यंत तो तिथेच होता. लॉजांकडे पैसे राहिले नाहीत, मागण्या थांबल्या, मालकाने इमारत विकली. तोवर शिमेकने आणखी सहा नरक केले, सगळे हिरवे, सगळे त्याच पद्धतीने. चांगलं चाललं असणार असं तो धरून चालला, कारण तक्रार आली नाही. तक्रार तर पहिली नऊ वर्षंही आली नव्हती. आमचं बोलणं पूर्ववत झालं, दुपारी आम्ही पुन्हा एकाच फळीवर बसायला लागलो. १९३५ मध्ये निमोनियाने गेला तेव्हा त्याची शवपेटी उचलणाऱ्या सहाजणांत मी होतो, आणि चर्चमध्ये मेसन शिरला म्हणून बोझेनाने कुणाला काही बोलू दिलं नाही.

त्या सहाही नरकांना मी दोर दुसऱ्याकडे देऊन समोर बसलो. सहाही वेळा ते पेटले. परत यायचो तेव्हा शिमेक विचारायचा, गाडी वेळेवर होती का, तिकडे जेवायला काय मिळालं, थंडी होती का. मी सगळ्याची उत्तरं द्यायचो. पडद्याबद्दल त्याने मला परत कधी विचारलं नाही.